एकेक प्राणी परत करून

विलास,

मागच्या गुरुवारी सकाळी तुझ्याकडे आलो होतो आणि दारातूनच परत फिरलो.

तुझ्याकडे म्हणजे वहिनींना भेटायला. तू जाऊन आठवडा उलटला होता, गावाकडचे पाहुणे पांगले होते. म्हटलं, आता घर खायला उठत असेल, तासभर बसून यावं. काळेवाडीतल्या तुझ्या बिल्डिंगचे जिने चढून वर आलो. सेफ्टी डोअरच्या आडव्या पट्टीवर तुझा पिवळा टॉवेल, उभी घडी घालून टाकलेला. तो दिसला आणि बेलकडे निघालेलं माझं बोट मागे आलं. खिशातल्या किल्ल्या वाजू नयेत म्हणून मुठीत धरल्या आणि चपला न घासता खाली उतरलो.

खाली पार्किंगमध्ये जाधव आणि कांबळे बसलेले. कंपनीतल्या तुझ्याच लाइनवरचे दोघे, एकाच स्कूटरवर.

"झोपलाय," मी म्हणालो.

"बघितला की टॉवेल," जाधव म्हणाला. "म्हणून तर खाली बसलोय. उठेल चारपर्यंत."

"तवर चहा घेऊ," कांबळे म्हणाला.

आणि आम्ही तिघं खरंच कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो. चहा हातात आला. कांबळेने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि "अरे राव" एवढंच म्हणाला. मग कुणी कुणाकडे बघेना. आधी जाधवला हसू फुटलं, मग मला. तिघंही असे हसायला लागलो की टपरीवाला भजी तळायचा थांबला. त्या हसण्यातच केव्हातरी कांबळेने रुमाल काढला, मग मीही काढला. गेलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून मागे फिरणारे असे शहाणे दोस्त तुला दुसरीकडे कुठे मिळाले नसते. तेवढ्यासाठी तरी तू आम्हाला मानायला हवंस.

टॉवेलचा हा कायदा कुणी केला ते तुलाही माहीत नव्हतं. तू राहायला आलास तेव्हा तो होताच. निम्म्या बिल्डिंगमध्ये कुणी ना कुणी चाकणला नाहीतर भोसरीला शिफ्टमध्ये कामाला. ज्याची थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रभर काम आणि दिवसा झोप, त्याच्या दारावर काहीतरी अडकवायचं. कुणाची टोपी, कुणाचं हेल्मेट, तुझा टॉवेल, कंपनीने कुठल्याशा दसऱ्याला वाटलेला. खूण दिसली की बेल वाजवायची नाही. दूधवाला पिशवी कडीला लावून जायचा. गॅसवाला सिलेंडर पायऱ्यांवर आपटत न आणता खांद्यावरून आणून अलगद टेकवायचा. समोरच्या गायकवाड काकू त्या आठवड्यात कुकरच लावायच्या नाहीत. "तुमच्या झोपेपायी माझा गॅस जळतो हो," असं तुला तोंडावर ऐकवायच्या, पण डाळ शिजवायच्या पातेल्यातच.

मी इतकी वर्षं तुझ्याकडे येतोय, पण तुझ्या दाराची बेल कशी वाजते ते मला माहीत नव्हतं. टॉवेल असला की मी मागे फिरायचो. नसला की सवयीनेच नखाने दारावर टकटक करायचो, आणि तू आतून ओरडायचास, "आला बघा उंदीर!"

त्यामुळे एक गंमत झाली. तुला झोपलेलं मी कधी पाहिलंच नाही. सुरुवातीला आपण एकाच शिफ्टला होतो, कंपनीच्या एकाच बसमध्ये शेजारी शेजारी बसायचो, तेव्हासुद्धा नाही. बस मोशी ओलांडेपर्यंत सगळी बस झोपलेली असायची आणि तू टक्क जागा. तुझा तो उद्योग चालायचा. झोपलेल्या माणसांना एकेक प्राणी वाटून द्यायचा.

"तो जाधव बघ," मला कोपराने ढोसून तू म्हणायचास. "पाल झालाय पाल. काचेला चिकटलाय."

जाधव खरंच खिडकीच्या काचेला गाल लावून, दोन्ही हात पसरून झोपलेला असायचा. कांबळे मान खाली घालून, एक पाय वर घेऊन झोपायचा, तो बगळा. पुढच्या सीटवरचे एक साहेब तोंड उघडं टाकून झोपायचे, त्यांना तू पाणघोडा दिला होतास आणि अख्ख्या बसने तो मान्य केला होता. एकदा मी विचारलं, "आणि मी कोण?"

"तू कुत्रं," म्हणालास. "रागावू नको राव. झोपेत पण तुझा एक कान वर असतोय."

"आणि तू?"

"मी झोपलोच न्हाई तर मला कसं कळणार? तू बघून सांग कवातरी."

ते माझ्याकडून राहिलं. पुढे मी क्वालिटीत गेलो आणि जनरल शिफ्टला लागलो. तू लाइनवरच राहिलास, आठवड्याला फिरणाऱ्या शिफ्टमध्ये. आपली भेट कंपनीच्या गेटवर व्हायला लागली, मी आत जाताना आणि तू बाहेर येताना. शिवाय गुरुवारी संध्याकाळी संत तुकाराम नगरातल्या बागेत, आपल्या बैठकीत. बाकीच्या जगाच्या कवितेच्या बैठका रविवारी होतात, आपली गुरुवारी, कारण आपली साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. दहा-बारा माणसं, निम्मी कंपनीतली. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग चहाबरोबर त्याचे वाभाडे काढायचे.

माझं नाव तू तिथेच ठेवलंस. मी कविता करत नाही, नुसता ऐकायला येतो. पण ऐकून झाल्यावर मला राहवत नाही. दिवसभर तयार झालेल्या पार्टला गेज लावून बघायचं, बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट, हेच माझं काम. तेच मी तुझ्या कवितांना करायचो. हा शब्द सैल आहे, ही ओळ रिवर्कला टाक, हे कडवं भंगारात. तू सगळ्यांसमोर हात जोडून म्हणायचास, "आला आमचा गेज. आता माल काय पास होत नसतोय." तेव्हापासून मी गेज. वहिनीसुद्धा फोनवर विचारतात, "गेज भाऊजी का?" मला ते आवडत होतं, हे तुला माहीत होतं.

आपल्यात स्तुती करायची पद्धत नव्हती. मी जिथे गप्प बसलो तिथे माल पास, हे तुला न सांगता कळायचं. आणि मांजराच्या कवितेत, विलास, शेवटचं कडवं सोडलं तर मी सगळीकडे गप्प बसलो होतो.

ती कविता थर्डीवरची. थर्डी ही काळी-पांढरी मांजर, मालक कुणीच नाही. तू थर्ड शिफ्टला असलास की तेवढा आठवडा ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझ्या घरात यायची, म्हणून तिचं नाव थर्डी. फर्स्ट आणि सेकंडला तिचा पत्ता नसायचा. तेव्हा तुमच्या घरात टीव्ही चालायचा, मिक्सर लागायचा, माणसं यायची. पण दारावर टॉवेल पडला की सगळा मजला चिडीचूप, आणि त्या शांततेचा वास काढत ती यायची. आम्ही सगळे मिळून तुझ्यासाठी जी झोप राखायचो, तिच्यात येऊन ही फुकटची पडून राहायची.

तुला मात्र झोप कमीच. दिवसा डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तुझी जुनीच तक्रार. मग तू कॉटवर पडून शेजारी झोपलेल्या थर्डीकडे बघत राहायचास. बसमधला तुझा उद्योग तू घरी सुरू केलास. फक्त इथे एकाच प्रवाशाला बरेच प्राणी मिळत होते.

पहिल्या खर्ड्यात वाघ होता. मोबाइलवर तू पाठवलास आणि मी लगेच फोन केला. "मांजर म्हटलं की वाघ आलाच का रे? वाघाची मावशी म्हणून शाळेपासून ऐकतोय. काढ तो."

"घे तुझा वाघ," तू म्हणालास आणि काढलास. तेवढा मोठेपणा तुझ्यात होता. मग मासा होता, अंग ताणल्यावर पोट चमकतं म्हणून. तोही तू स्वतःहून काढलास. मग बऱ्याच दिवसांनी एका गुरुवारी बाकावर बसून मला एकट्याला वाचून दाखवलीस ती अशी:

झोपायला बसते तेव्हा ती मांजर असते.
पाय पोटाखाली घेते, कासव होते.
शेपूट भोवती ओढून घेते, गोगलगाय होते.
हनुवटी स्वतःच्याच कुशीत खुपसते:
स्वतःचीच गाय, स्वतःचंच वासरू.

कान तेवढे ससा राहतात,
जिन्यावर कुणाचं तरी पाऊल असतं.
मग तेही पाऊल जातं. कान निजतात.

आता नुसतं पोट.
वर येतं, खाली जातं.
कुठल्याच प्राण्याचं नाही.

इथे तू थांबलास आणि मी गप्प राहिलो. जिन्यावरचं ते पाऊल माझं होतं, हे मला लगेच कळलं. शिवाय एक गोष्ट लक्षात आली ती मी बोलून टाकली. एवढी शिकारी जात, पण झोपेत तिला मिळालेल्या प्राण्यांत एकही शिकारी नाही. कासव आणि गोगलगाय तर घर पाठीवर घेऊन फिरणारी. मी म्हणालो, "उदगीरकडून आलेल्या, आधी पिंपळे गुरवला मग दापोडीला खोल्या बदलत राहिलेल्या माणसाला हेच सुचणार."

"जास्त लावू नको गेज," तू म्हणालास. "मांजर तशी झोपती म्हणून तसं लिवलंय." पण खूश झाला होतास.

मग म्हणालास, "अजून हाय," आणि शेवटचं कडवं वाचलंस:

मग कुणीही हाक न मारता
एकेक प्राणी परत करून
ती मांजर होऊन उठते.
पुढचे पाय लांब, मग मागचे.
मी झोपलोय की नाही ते एकदा बघते
आणि खिडकीतून कामाला जाते.

"हे भंगारात," मी म्हणालो.

तिथून जे भांडण सुरू झालं ते संपलं नाही. माझं म्हणणं सरळ होतं. कविता झोपेची आहे, ती झोपेतच संपली पाहिजे. कुठल्याच प्राण्याचं नसलेलं ते पोट वर-खाली होतंय आणि कविता थांबते, याच्यापुढे शब्दच नको. तू पुढे तिला उठवतोस, आळोखेपिळोखे द्यायला लावतोस, वर कामाला पाठवतोस. आणि 'एकेक प्राणी परत करून' हे काय? शिफ्ट सुटताना आपण टूल रूमला पाने आणि ड्रिल जमा करतो, तसं का?

"तसंच," तू म्हणालास. "घेतलेलं जमा नको करायला? तिनं कासव घेतलं, गोगलगाय घेतली. उठताना ठेवून देती जागच्या जागी. उद्या परत लागणारच हाईत की."

"पण उठवायचं कशाला?"

"न्हाई उठली तर ती झोप कशी म्हणायची? का कापायलास राव तिचं उठणं?"

मी काय बोललो ते आता नीट आठवत नाही, पण बरंच बोललो. आधुनिक कविता, सूचकता, असे मोठे मोठे शब्द वापरले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास की हे सगळं बरोबर असेल, पण मांजर उठते.

गेटवरची आपली शेवटची भेटही याच्यावरच झाली. तुझी थर्ड शिफ्ट सुटत होती. डोळे तांबारलेले, हातात रिकामा डबा. "येत्या गुरुवारी वाचायलोय," म्हणालास. "शेवटच्या कडव्यासकट."

"मग मी टाळी वाजवणार नाही," मी म्हणालो.

"नको वाजवू. झोपलीय ती, उठंल."

"तुला उठवायचीच आहे ना?"

"आपल्या आपण उठावं गेज. भोंग्यावर उठण्यात काय मजा हाय?" असं म्हणून तू मोठी जांभई दिलीस. ड्रायव्हरने हॉर्न मारला आणि तू पळत जाऊन बसमध्ये चढलास. मी हसत आत गेलो. दिवसभर मधूनमधून मला तुझ्यासाठी उत्तरं सुचत होती आणि मी ती गुरुवारसाठी राखून ठेवत होतो.

त्या दिवसाचं पुढचं मला वहिनींनी सांगितलं. तू आलास, अंघोळ केलीस, भाकरी आणि मेथीची भाजी पोटभर खाल्लीस. वहिनींनी दारावर टॉवेल टाकला. थर्डी आली आणि तुझ्या पोटाशी वेटोळं करून झोपली. चहाच्या वेळेला वहिनी उठवायला आल्या, तर तू इतका शांत पडलेला की त्यांना बरंच वाटलं. एवढं गाढ झोपलेलं त्यांनी तुला कधी पाहिलंच नव्हतं. चहाचं आधण त्यांनी तसंच उतरवून ठेवलं. उन्हं कलली तेव्हा थर्डी उठली. पुढचे पाय लांब केले, मग मागचे. तुझ्याकडे एकदा बघितलं आणि खिडकीतून निघून गेली. मग वहिनींनी तुला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले झोपेतच, बहुतेक दुपारीच, काही कळलंसुद्धा नसेल. मी आलो तेव्हा गायकवाड काकू जिन्यात उभ्या राहून येईल त्याला सांगत होत्या, "आजसुद्धा डाळ मी पातेल्यातच शिजवली हो." त्यांना रडू आवरत नव्हतं. अख्खा मजला दिवसभर तुझ्यासाठी हळू बोलत होता, विलास. इतकी राखण करून घेऊन फार थोडी माणसं जात असतील.

तुला झोपलेलं पाहिलं ते त्या संध्याकाळी, पहिल्यांदा. बसमध्ये तू सांगितलेलं काम माझ्या लक्षात होतं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. मला एकही प्राणी सुचला नाही. तू दिसत होतास, नुसता तू, आणि मला खूप रडू आलं.

तर मागच्या गुरुवारी टपरीवरून आम्ही तिघं पुन्हा वर गेलो आणि नखाने टकटक केली. वहिनींनी दार उघडलं. जाधवने त्यांना टॉवेलची सगळी हकिकत सांगितली. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. "मीच धुतला सकाळी," म्हणाल्या, "आणि वाळत टाकायला हात आपसूक दाराकडेच गेला. तरी म्हटलं, आज भाजीवाली का नाही आली."

मग कांबळेने विषय काढला. बैठक तुझ्यामुळे पुढे ढकलली आहे, ती येत्या गुरुवारी घ्यायची, तुझी कविता वाचायची, आणि ती गेजनेच वाचायची.  आम्ही निघालो तेव्हा वहिनींनी मला दारात थांबवलं.

"भाऊजी, ते शेवटचं नका वाचू."

"कोणतं?"

"ती उठते ते. तुम्हालाही ते नकोच होतं ना? हे सांगायचे मला, गेज मांजराला उठू देत नाही म्हणून." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "ते मी डोळ्यांनी बघितलंय हो. ती उठली, आणि हे नाही उठले. तेव्हापासून ती आलीपण नाही. चार माणसांत बसून मला ते ऐकवणार नाही."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

म्हणजे भांडण मी जिंकलो. कडवं भंगारात. मी चालत घरी आलो आणि मला अजिबात जिंकल्यासारखं वाटेना. आठवडाभर ती कापलेली कविता मी मनात म्हणून बघत होतो, बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, गेज हातात धरून. आता नुसतं पोट. वर येतं, खाली जातं. कुठल्याच प्राण्याचं नाही. इतके दिवस मला हाच शेवट सुंदर वाटत होता.  आता तिथे थांबलो की तू तसाच झोपलेला राहायचास आणि मी टॉवेलकडे बघत जिन्यात उभा. कुणीतरी उठावं, खिडकीतून का होईना कामाला जावं, असं मला वाटायला लागलं. पण तू तिकडे, आणि वहिनी इथे. त्यांचं मन मोडून तुझी ओळ राखायची, हे तुलासुद्धा पटलं नसतं. तू असतास तर पहिल्यांदा तूच खोडली असतीस, बायको नको म्हणते म्हणून.

आज गुरुवार. संध्याकाळी बैठक आहे. सकाळी उठलो आणि ठरवलं की एकदा वहिनींना विचारून यायचं. हट्ट करायचा नाही, नुसतं विचारायचं. नाही म्हणाल्या तर पोटापाशी थांबायचं.

वर आलो. सेफ्टी डोअरवर टॉवेल नव्हता. नुसती लोखंडी पट्टी. गायकवाड काकूंच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकलो. नख दाराकडे नेलं आणि मग थांबलो. आता कुणाची झोप मोडणार होती? मी बेल दाबली.

विलास, तुझी बेल चिमणीची आहे! चिवचिव चिवचिव, केवढ्यांदा, थांबायचं नाव नाही. एवढं मोठं पाखरू दाराला लावून तू आयुष्यभर गप्प बसवून ठेवलं होतंस. मला हसू आवरेना. वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्याही हसत होत्या. "मेली किती मोठ्यांदा ओरडते. सगळे टकटकच करतात, मीच विसरले होते," म्हणाल्या, आणि मग ओठावर बोट ठेवून आत खूण केली. "हळू या. आलीय."

कॉटवर तुझा पिवळा टॉवेल अंथरलेला आणि त्याच्यावर थर्डी.

"सकाळी काढला दारावरचा," वहिनी हळू आवाजात सांगायला लागल्या. "लोक परत जायला लागले तर कसं व्हायचं? मला माणसं यायला हवीत आता. घडी करून कपाटात ठेवणार होते, तोवर जरा कॉटवर टाकला. आणि ही कुठून आली देव जाणे."

मी खुर्चीवर बसलो. थर्डीला झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कसं पाहणार? ती झोपायची तेव्हा मी जिन्यातून खाली जात असायचो. तिचे पाय पोटाखाली होते, शेपूट भोवती होती, हनुवटी कुशीत. बेलने तिचे कान तेवढे उठले होते, ताठ, सशाचे. आम्ही बोलायचे थांबलो. हळूहळू कान निजले. वहिनींनी चहा आणला. आम्ही कप हातात धरून, एक शब्द न बोलता, एका मांजराचं पोट वर-खाली होताना बघत बसलो. कुणी आलं असतं तर आम्हाला वेडं म्हणालं असतं. आणि खरं सांगू का, तू गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मला वाटतं वहिनींना माझ्या येण्याचं कारण ठाऊक होतं. पण मी विचारलं नाही. चहा संपला तरी रिकामे कप आमच्या हातातच होते.

मग ती उठली. कुणी हाक मारली नाही, बेल वाजली नाही. कुशीतून हनुवटी काढली, शेपूट सोडली, पाय बाहेर घेतले. तू म्हणाला होतास तसं, घेतलेलं एकेक जागच्या जागी ठेवून. पुढचे पाय लांब केले, टॉवेलमध्ये नखं रुतवून. मग मागचे. मी वहिनींकडे बघायला घाबरत होतो. थर्डीने वळून कॉटकडे एकदा बघितलं, तुझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे, मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उडी मारली आणि दिसेनाशी झाली.

"गेली कामाला," वहिनी म्हणाल्या.

मी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा शांत होता. उठून त्यांनी टॉवेलवरचे केस झटकले, सुरकुत्या सारख्या केल्या आणि तो तिथेच राहू दिला.

"रोजच उठायची हो ती अशी," म्हणाल्या. "त्या दिवशी काय वेगळं केलं तिनं? सगळी वाचा, भाऊजी. मी येते ऐकायला."

तर संध्याकाळी बागेत सगळी वाचणार आहे, मांजर उठेपर्यंत. जाधव येईल, कांबळे येईल, गायकवाड काकू आणि वहिनी पुढच्या बाकावर बसतील. तुला गेटवर जे म्हणालो होतो ते मी परत घेतो. वाचून झाल्यावर पहिली टाळी माझी असेल, आणि ती मी हळू वाजवणार नाही.